रोहा ते परळ : एका झडपेचा इतिहास

मागच्या महिन्यात बायको-मुलीला घेऊन रोह्याला आत्याकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाली, गप्पा रंगल्या आणि नेमकी लाईट गेली. पंखा बंद, टीव्ही बंद, एकदम सगळं शांत. त्या शांततेत आवाज यायला लागला. टिक... टिक... टिक... माझी लेक म्हणाली, "बाबा, घड्याळ कुठेय?"

आत्या हसली. तिचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "हे बघ, इथे आहे. किल्ली द्यावी लागत नाही, पण लाड फार करावे लागतात."

तर मंडळी, आजचा विषय हा. आत्याच्या छातीत १९९६ पासून एक कृत्रिम झडप आहे. लहानपणापासून तो आवाज मी ऐकत आलोय, पण ती झडप तिथे पोचली कशी, हे कधी शोधलं नव्हतं. परत आल्यावर दोन-तीन वीकांत वाचण्यात घालवले, आत्याला फोन करकरून पिडलं, आणि हाती लागलं ते असं.

सुरुवात पेणमध्ये होते. आमचं मूळ घर तिथलं. आजोबा गणपतीच्या एका कारखान्यात रंगकाम करायचे. १९६६ च्या पावसाळ्यात आत्याचा घसा सुजला. ती तेव्हा नऊ वर्षांची. घसा बरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांनी तापाबरोबर गुडघे सुजले. गुडघे उतरले तर कोपरं सुजली. गावातल्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं, हा संधिवाताचा ताप. वैद्यकात एक जुनी म्हण आहे की हा आजार सांधे नुसते चाटतो, चावतो मात्र हृदयाला.

भानगड अशी असते. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घशात येतो. शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं बनवतं. पण जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखी दिसतात, त्यामुळे शरीर स्वतःच्याच झडपांवर हल्ला करतं. आमच्या भाषेत सांगायचं तर फॉल्स पॉझिटिव्ह. दाटीची घरं, ओल, एका खोलीत सहा-सात माणसं, अशा ठिकाणी हा जंतू सुखाने नांदतो. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन यायच्या आधीच हा आजार कमी व्हायला लागला होता, कारण घरं सुधारली होती. आपल्याकडे मात्र जोरात होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, पोर चांगली मोठी होईपर्यंत. घसा पुन्हा सुजला नाही तर झडपांवर पुन्हा हल्ला नाही, इतकं सरळ. पण ते इंजेक्शन घट्ट असतं, दोन दिवस पाय उचलत नाही. आत्या त्या दिवशी साच्यांच्या मागे लपून बसायची. वर्षभर आजोबांनी नेलं. मग म्हणाले, "ताप तर गेला, आता कशाला पोरीला छळायचं?" झालं. इंजेक्शनं बंद.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोळाव्या वर्षी आत्याला विहिरीवरून एक कळशी आणताना दम लागायला लागला. रात्री आडवं झालं की खोकला, थुंकीत रक्त. आळीत कुजबुज सुरू झाली की पोरीला क्षय झालाय. तो क्षय नव्हता. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आक्रसत चालली होती. मोठ्या माणसात ही झडप चार ते सहा चौरस सेंटीमीटर उघडते, दोन बोटं सहज जातील इतकी. संधिवाताच्या तापाने तिच्या पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटतात आणि शर्टाच्या काजाएवढी फट उरते. रक्त पुढे जात नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. पाश्चात्त्य देशांत अशी अवस्था यायला चाळिशी उजाडायची, आपल्याकडे विशीच्या आतच पोरं या टप्प्याला पोचायची.

पेणच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. परळ, केईएम.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं (रायगड झालं १९८१ मध्ये). पेणला रेल्वे नव्हती. एसटीने पनवेलमार्गे मुंबई. पण पेण-रोह्याच्या माणसाला परळ परकं कधीच नव्हतं. घरटी एक माणूस गिरणीत, लालबाग-परळच्या चाळीत गाववाल्यांची खोली. आजोबांचा चुलतभाऊ अशाच एका खोलीत नऊ जणांबरोबर राहायचा. आजोबा तिथे अकरावे. मला तर वाटतं, कोकणी माणसासाठी केईएमची वेटिंग रूम म्हणजे लालबागची चाळच होती. १९२६ साली सुरू झालेल्या त्या इस्पितळाचा इतिहास लिहिताना या खोल्यांचाही हिशोब धरायला हवा.

१९७४ साली आत्याचं ऑपरेशन झालं. त्याची पद्धत वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची. हृदय थांबवायचं नाही, ते आपलं चालूच. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटीशी पिशवी असते, तिला छेद देऊन सर्जनने आत बोट घालायचं. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं स्पर्शावर. चिकटलेली झडप बोटाने चाचपायची आणि बोटाने, नाहीतर आत सरकवलेल्या एका अवजाराने ती फाकवायची. मुख्य काम काही मिनिटांचं!

ही कल्पना आली कुठून? १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री साउटरने एका मुलीच्या हृदयात असंच बोट घातलं. मुलगी वाचली. पण नंतर एकाही डॉक्टरने त्याच्याकडे दुसरा पेशंट पाठवला नाही, हृदयाला हात लावणं म्हणजे वेडेपणा असं तेव्हाचं मत. पुढे २३ वर्षं कुणालाच यश नाही. मग १९४५ पासून फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेलीने पुन्हा प्रयत्न सुरू केले. त्याचे पहिले चार पेशंट दगावले. इस्पितळं दारं बंद करायला लागली. जून १९४८ मध्ये पाचव्या पेशंटला यश आलं. त्याच सुमाराला बोस्टनला हार्केन आणि लंडनला ब्रॉक यांनाही जमलं.

आणि काही वर्षांतच हे तंत्र मुंबईत आलं. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी पन्नाशीच्या दशकात ही ऑपरेशनं सुरू केली. सेन म्हटलं की लोकांना आठवतं ते १६ फेब्रुवारी १९६८ चं हृदयरोपण. केप टाउनमध्ये बर्नार्डने पहिलं रोपण केलं ३ डिसेंबर १९६७ ला, त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी परळमध्ये भारतातलं पहिलं. जगात तेव्हा अशी ऑपरेशनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली होती. केईएमचा पेशंट काही तासच जगला. सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला, तोही असाच संपला. मग भारतात पुढचं हृदयरोपण थेट १९९४ साली, दिल्लीला, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली ती या रोपणाला, आणि त्यात गैर काही नाही. पण आत्यासारख्यांचे जीव वाचले ते त्या बोटाच्या ऑपरेशनने. त्याला हार्ट-लंग मशीन लागत नव्हतं, परदेशी सामान लागत नव्हतं. गिबनने ते मशीन १९५३ मध्ये यशस्वी केलं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वेल्लोरला त्यावर ऑपरेशनं सुरू झाली, पण ते महागडं प्रकरण होतं. गरीब देशाला परवडणारं होतं सर्जनचं बोट.

आत्या तीन आठवड्यांनी पेणला परत आली ती चालत, चाळीचे जिने चढून-उतरून. डाव्या बाजूला छातीखालून पाठीपर्यंत गेलेला लांबलचक व्रण घेऊन.

त्या व्रणाने तिचं लग्न सहा वर्षं अडवलं. आजोबा प्रत्येक स्थळाला आधी ऑपरेशनचं सांगायचे, मग पोहे. बरीच मंडळी पोह्यांपर्यंत थांबतच नसत. १९८० मध्ये रोह्याचे काका आले. धाटावच्या एमआयडीसीत ऑपरेटर. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मशीन रिपेअर झालेलं असलं की उलट खात्रीचं असतं." मला हा माणूस तेवढ्यासाठी फार आवडायचा. :)

पण रिपेअर ते रिपेअरच. फाकवलेली झडप हळूहळू पुन्हा चिकटते, कडक होते. १९९५ मध्ये आत्याचा दम परत आला. तोवर जपानच्या इनोउएचा फुगा आपल्याकडे आला होता. मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्याने झडप उघडायची, छाती फाडायची गरजच नाही. पण आत्याच्या झडपेत आता चुना साठला होता, फुगा चालणार नव्हता. बदलायचीच होती.

इथे माझ्यासारख्या इंजिनियरची कॉलर ताठ करणारी एक गोष्ट. लोवेल एडवर्ड्स नावाचे साठीचे एक हायड्रॉलिक इंजिनियर १९५८ मध्ये ओरेगॉनला अल्बर्ट स्टार या तरुण सर्जनकडे गेले आणि म्हणाले, आपण कृत्रिम हृदय बनवू. स्टार म्हणाले, अख्खं हृदय नंतर, आधी एक झडप तर बनवू. दोन वर्षांत त्यांनी पिंजऱ्यात गोळी असलेली झडप तयार केली आणि १९६० मध्ये ती माणसात बसली. एडवर्ड्सना स्वतःला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता, म्हणजे आत्याचेच गुरुबंधू.

आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनियर मंडळींनी देशी झडप बनवायला घेतली, कारण परदेशी झडपेची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. पहिल्या मॉडेलचा वेल्डिंगचा भाग तुटला. मग नीलमण्याची चकती वापरून पाहिली, तिने धातू झिजवला. पुढच्या मॉडेलमध्ये मेंढीच्या छातीत चकतीच फुटली. तीन व्हर्जन वाया! चौथ्यात साध्या पण दणकट पॉलिएथिलीनची चकती घातली आणि ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा माणसात बसली. आज अशा झडपा लाखावर लोकांच्या छातीत आहेत. प्लॅस्टिकच्या चकतीमुळे तिचा आवाजही कमी येतो.

आत्याला बसली ती परदेशी, टिकटिकणारी. काकांनी सोसायटीचं कर्ज काढलं. ऑपरेशनला रक्त लागणार होतं, म्हणून रोह्याहून एका जीपमध्ये नऊ जण परळला आले. त्यातले चार कंपनीतले, दोन भजनी मंडळातले, आणि एक जण काकांशी बांधावरून भांडण असलेला शेजारी. बाटली देऊन झाल्यावर त्याने भांडण पुन्हा चालू ठेवलं म्हणे. :)

इथे कोणत्याही पुस्तकात ही कहाणी संपते. पेशंट बरा झाला, टाळ्या. पण यांत्रिक झडप बसली की रक्ताला ती परकी वाटते, तिच्यावर गुठळी धरू शकते. म्हणून रक्त पातळ व्हायची गोळी रोज, आयुष्यभर. या गोळीचाही इतिहास मजेशीर आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडका चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरायला लागल्या. कार्ल लिंकने त्या चाऱ्यातलं रसायन शोधलं. त्यातून वॉरफरिन बनलं आणि ते आधी उंदीर मारायला विकलं गेलं! मग लक्षात आलं की अगदी मोजून दिलं तर माणसाला ते तारतं. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही हृदयविकारानंतर ते दिलं होतं.

'मोजून' हा शब्द महत्त्वाचा. रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर नावाच्या चाचणीत कळतं. तुमचा-माझा असतो १. आत्याचा हवा अडीच ते साडेतीन. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी-पालक-अळू एकदम जास्त खाल्लं तरी आकडा हलतो, आणि आत्याचा तर अळूच्या फदफद्यावर जीव. सुरुवातीला ही चाचणी करायला ती महिन्याला एकदा दिवा-रोहा पॅसेंजरने पनवेलला जायची. एका वहीत तारीख, आकडा, गोळीचा डोस. वहीचं पहिलं पान १९९६ चं.

आता माझी गोष्ट.

२००५ मध्ये मी पुण्यात नोकरीला होतो. रोह्यात ती गोळी कधी मिळायची, कधी नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी पुण्याहून पाठवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. जुलैच्या १५ तारखेला पाकीट जायला हवं होतं. त्या आठवड्यात आमचं रिलीज. रात्री दोन-दोनपर्यंत ऑफिसात. म्हटलं, पुढच्या सोमवारी टाकू. तो सोमवार २५ तारखेचा निघाला. मंगळवारी, २६ जुलै २००५ ला, काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको. रायगडात दरडी कोसळल्या, रस्ते गेले, गाड्या बंद, फोन बंद. माझं पाकीट कुठेतरी अडकून पडलं.

आत्या नऊ दिवस गोळीशिवाय होती. दहाव्या दिवशी सकाळी चहा गाळताना गाळणी हातातून पडली आणि ती उचलायला हात वळेना. बोलणं जड झालं. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली होती.

ती वाचली. बोलणं महिन्याभरात सुधारलं. उजव्या हाताची बोटं मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. आजोबांच्या हाताखाली शिकलेली आत्या दिवाळीला ठिपक्यांच्या अशा रांगोळ्या काढायची की आळी बघायला यायची. ते थांबलं. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, "अरे वेड्या, पाऊस काय तुझ्या हातात होता?"

पाऊस माझ्या हातात नव्हता. १५ तारीख होती.

हे आजवर कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. आज सांगतोय कारण हा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. हृदयाच्या ऑपरेशनचा इतिहास आपण 'पहिलं'च्या यादीसारखा सांगतो. पहिलं बोट, पहिली झडप, पहिलं रोपण. म्हणजे नुसत्या रिलीज नोट्स. माणूस जगतो तो मेंटेनन्सवर, आणि मेंटेनन्सचा इतिहास कुणी लिहीत नाही.

बायपासचंच बघा. १९६७ मध्ये क्लीव्हलंडला फावालोरोने पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला वळसा दिला. भारतात १९७५ मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास केली. आपल्या पिढीला बायपास म्हटलं की डॉ. नीतू मांडके आठवतात, हृदयं दुरुस्त करणारा हा पुण्याचा माणूस २००३ मध्ये स्वतः हृदयविकारानेच गेला. पण बायपास म्हणजे शुद्ध वर्कअराउंड. रोहिण्या तुंबवणारा मूळ बग शरीरात तसाच असतो. गोळ्या, तंबाखू बंद, रक्तदाब-साखर ताब्यात, हे नसेल तर नवा वळसाही तुंबतो.

आमच्या पेणच्या घराशेजारी एक काका आहेत, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे. २०१३ मध्ये त्यांच्या तीन रोहिण्या बंद निघाल्या. आत्याच्या वेळी कर्ज काढावं लागलं होतं, यांना एक रुपया लागला नाही. २ जुलै २०१२ ला राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. तेव्हा पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मिळायचे. (२०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने आहे.) पुढच्या गणपतीला काका पुन्हा आखणीला बसले. आळीने पेढे वाटले.

दोन वर्षांनी कळलं की काकांनी गोळ्या सोडल्यात. मी विचारलं तर म्हणाले, "ऑपरेशन झालं ना? आता कशाला गोळ्या?"

आठवलं? १९६७, पेण, आजोबा. "ताप तर गेला, आता कशाला..." तेच वाक्य, जवळजवळ पन्नास वर्षांनी, त्याच आळीत.

मी समजावलं, काही उपयोग झाला नाही. आत्याने फोन केला. काय बोलली माहीत नाही, पण काका दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या दुकानात गेले. आता दर महिन्याला आत्याचा त्यांना फोन असतो, आणि काकाही आता वही ठेवतात.

आज आत्या ६८ वर्षांची आहे. तिची चाचणी रोह्यातच होते, गोळी रोह्यातच मिळते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला आणि आमच्या बाजूने शिवडी, म्हणजे जवळजवळ परळच, एकदम जवळ आलं. आजोबांना ज्या रस्त्याला अर्धा दिवस लागायचा तो आता गाणी ऐकत संपतो. अंतर खरंच कमी झालं. पण २१ दिवसांचे अजूनही २१ दिवसच आहेत, आणि रोजची गोळी रोजच घ्यावी लागते. त्यावर कुठला सेतू बांधता येत नाही.

त्या रात्री लाईट आल्यावर मी आत्याची वही मागितली. सहावी वही चालू आहे. २००५ चं पान काढलं. २७ जुलैपासून नऊ तारखा ओळीने लिहिलेल्या, पुढे डोसाच्या रकान्यात नऊ रेघा. नंतरच्या पानांवर अक्षर वेगळं आहे, डाव्या हाताने लिहिलेलं. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी बराच वेळ ते पान बघत बसलो, शेवटी आत्यानेच वही काढून घेतली आणि म्हणाली, "चल, झोप आता. सकाळी अळू आणायचंय. थोडंसंच."

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरी कुणी अशा गोळ्यांवर असेल तर आज रविवार आहे, एक फोन करा. "कशी आहे तब्येत?" एवढंच विचारू नका. "गोळ्या किती उरल्यात?" असं विचारा.